मास्तरचं नाक

२ मे

मिल बंद झाल्यापासून ही वही उघडली नव्हती. तिथे रोजच्या रंगांची नोंद करायची सवय होती, आता करायची ती संडासाची. हसायचं तर आजच हसून घ्यावं. आजपासून मी तापीवरच्या ‘सूर्यपुत्री’ नावाच्या जेवणाच्या बोटीचा मुकादम. वर दोन मजले, रंगीत दिवे, गाणी, पंजाबी-चायनीज. खाली बोटीच्या पोटात संडासाची लोखंडी टाकी. माणसं वर जेवायला बसतात आणि खालून वास येतो. एकदा आलेला पाहुणा परत येत नाही.

बोटीचे मालक धनसुखभाई शेठ म्हणाले, “मास्तर, आ वास जवी जोइए.” पावसाळ्यात बोट काठाला बांधून ठेवायच्या आत वास गेलाच पाहिजे. गेला तर मी कायम, आणि माझ्या शब्दावर सफाईला ठेवलेला माझा धाकटा भाऊ दीपकही कायम. नाही गेला तर दोघांनी कोसाडच्या सरकारी आवासात घरी बसायचं.

मी म्हटलं, शेठ, काळजी सोडा. उभी हयात डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होतो. रंगाच्या टाकीवर वाकून नुसत्या वासावर सांगायचो, ॲसिड जास्त झालंय की कमी. लॅबवाले मागाहून तेच सांगायचे. कोरोनात नाक गेलं होतं, पण काही दिवसांनी चहातलं आलं ओळखू आलं आणि गाडी रुळावर आली.

काळजी आहे ती दीपकची. तीन लूमवाल्यांनी त्याला दारूपायी काढला. गेल्या श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसली तेव्हा सगळ्या भाऊबंदांसमोर त्याने तिच्या नैवेद्याचा रोट हातात धरून आण घेतली की यापुढे थेंब घेणार नाही. कानबाईच्या रोटावरची आण आम्ही खानदेशी माणसं मोडत नाही. पण दीपक तो दीपक. मी डोळा ठेवून आहे.

५ मे

टाकी पाहिली. तिचं झाकण खालच्या कोंदट खोलीत, संडासांच्या मागे. तिच्यातून हवेचा एक पाइप निघतो तो वर जेवणाच्या डेकच्या कठड्यापाशी उघडतो. ज्या शहाण्याने तो तिथे काढला त्याला त्याच पाइपाखाली जेवायला बसवलं पाहिजे.

फिनाइल ओतलं, गुलाबाच्या वड्या टांगल्या, कापूर ठेवला. बोट चालवणारा लोटू शिरपूरकडचा, तोंडाने फटकळ. म्हणाला, “मास्तर, आते गुलाबमा हागेलना वास येस.” दीपक खो खो हसला. मी हसलो नाही.

घरी आलो तर रुक्मिणी भर गरम वाऱ्यात खिडक्या सताड उघड्या टाकून साड्यांना स्टोन चिकटवत बसलेली. म्हणाली, “डिंकाचा वास डोक्यात गेलाय. तुम्हाला नाही येत?” म्हटलं, नाही. बायकांना घरबसल्या नाकाने कांदे सोलायची सवयच असते.

९ मे

आज लाज गेली. एका हिरेवाल्यांच्या सुनेचं श्रीमंत होतं, म्हणजे आपलं डोहाळजेवण. पन्नासेक बायका, मोगऱ्याचे गजरे, पोरीला मधोमध फुलांच्या झोपाळ्यावर बसवलेलं. तिच्या ओटीत नारळ घालत असतानाच वारं फिरलं. पोरीने तोंडाला पदर लावला आणि तिथेच ओकली. सासू म्हणाली, अपशकुन झाला. सगळा घोळका अर्ध्यावर उठून गेला.

शेठने वेटरांसमोर मला झापलं. “तुमचं नाक काय गहाण टाकलंय का मास्तर?” वेटर खाली मान घालून हसत होते. मिलमध्ये मालकसुद्धा माझ्यावर आवाज चढवत नव्हता. दीपक कोपऱ्यात फडकं पिळत उभा होता, त्याने ऐकलं. घरी येताना रिक्षात तो म्हणाला, “जाऊ दे ना दादा, शेठना घसा मोठा शे, बाकी काही नही.” मला त्याच्याकडून दिलासा घ्यायचा आणखीच राग आला.

११ मे

उपाय साधा होता. वास पाइपातून येतो ना, मग पाइपच बंद. रुक्मिणीच्या जॉबवर्कच्या चिंध्या पोतंभर पडलेल्या. सिंथेटिक साडीची चिंधी पाण्याला दाद देत नाही. घट्ट बोळा करून पाइपाच्या तोंडात ठोकला, वरून प्लास्टिक आणि तार. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मी दोन्ही बंद केली.

लोटू म्हणाला, “टाकीले श्वास नको का?” म्हटलं, टाकी काय तुझी आत्या आहे?

१३ मे

वास गेला. लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी झाली, माणसं रात्रीपर्यंत नाचली, एक तक्रार नाही. मी डेकवर चहूबाजूंनी हिंडून हुंगलं. स्वच्छ. शेठने माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मास्तर एटले मास्तर.”

पर्वत पाटियाच्या बाजारातून दीपकसाठी नवा शर्ट घेतला. त्याला म्हटलं, ही तुझी शेवटची नोकरी, इथेच म्हातारा हो. त्याने लगेच शर्टाचा खिसा उघडून आत बघितलं, लहानपणी बघायचा तसं. मी कधी काळी त्याच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की लपवून ठेवायचो.

१९ मे

दीपक रडगाणं गातोय. सकाळी खालची खोली धुतो आणि वर येऊन कठड्याला धरून बसतो. “दादा, मन्हं डोकं दुखी राह्यनं. डोया चरचरतस.” डोळे लाल आहेत हे खरं. मला तांबडे डोळे कशाने होतात ते ठाऊक आहे. त्याच्या बाबतीत फारच ठाऊक आहे.

लोटू म्हणतो खाली संडासात वास आधीपेक्षा वाईट आहे, अंड्यासारखा. मी स्वतः खाली जाऊन उभा राहिलो. काही नाही. जरा गरगरलं, पण उन्हाचा कडाकाच तसा आहे. लोटूला मी मुकादम झालेला बघवत नाही, दुसरं काय.

आणखी एक. आण घेतली तेव्हा पूजाने, म्हणजे दीपकच्या बायकोने, त्याला चांदीचं कडं केलं होतं. ते या आठवड्यात काळं ठिक्कर पडलंय. सोनाराने फसवलं पोरीला. चांदी म्हणून भलतंच गळ्यात मारलं.

२२ मे

रुक्मिणीने जेवताना विचारलं, “भाजीत हिंग जास्त झालाय का?” म्हटलं, नाही, बरोबर आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पानातली भाजी चिवडत म्हणाली, “आज मी हिंग घातलाच नाही.” म्हटलं, मग बरोबरच आहे की, जास्त कुठून होणार. ती हसेल असं वाटलं होतं.

२६ मे

दोन पाहुण्यांनी खालच्या संडासातून अर्ध्यात परत येऊन शेठकडे तक्रार केली. म्हणजे टाकीतच काहीतरी राहिलंय. मिलमध्ये सोड्याच्या खाराचा जोर ॲसिडने मोडायचो. इथेही तेच. बाजारातून संडास धुवायचं ॲसिड आणून टाकीत सोडलं. लोटू वरच्या डेकवर असून खोकत सुटला आणि मला शिव्या देत काठावर उतरला. त्याला नाटकात घ्यायला हवं होतं.

दीपक खालून वर आला तो झोकांड्या खात. पायरी चुकला, गुडघा फुटला, बोलताना जीभ जड. वेटर बघत होते. मी त्याला सगळ्यांसमोर गळपट्टीला धरला. म्हटलं, प्यायलास.

“मी पेयेल नही शे, दादा. रोटनी आण.”

“तोंड उघड.”

त्याने उघडलं. चाळिशी उलटलेल्या बाप्याने, वेटरांसमोर, लहान पोरासारखं तोंड उघडलं आणि माझ्या नाकावर हा केलं. काहीच वास आला नाही. दारूचा नाही, कशाचाच नाही. म्हणजे वेलदोडे चघळून लपवलंय. या धंद्यात तो पहिल्यापासून हुशार. मी म्हटलं, पुन्हा दिसलास असा तर मीच काढीन. कानबाईला तरी घाबर.

तो लंगडत पुन्हा खाली गेला.

२७ मे

पूजा घरी आली होती. उंबऱ्यातच उभी राहून दीपकबद्दल म्हणाली, “दादा, त्या पेत नहीत. रातभर उलट्या करतस, पन त्या पेत नहीत. तुम्ही तरी असं नका बोलू.” मी म्हटलं, बायको झाकणारच. ती गेली.

थोड्या वेळाने रुक्मिणी पाण्याच्या बादल्या घेऊन आली आणि किंचाळली. मी गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत होतो आणि दूध करपून पातेलं काळं झालं होतं. सगळ्या मजल्यावर वास गेला होता म्हणे. मला वाटतं, पूजाच्या बोलण्याने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रुक्मिणी पातेलं घासत बसली. म्हणाली, “डॉक्टरला दाखवा.” मी विचारलं, काय दाखवू?

२ जून

पुढच्या आठवड्यात बोट बांधायची. त्याआधी शेठना टाकी आतून खरवडून हवी आहे, श्रावणानंतर नवा रंग, नवा हंगाम. आज सक्शनची गाडी येऊन पातळ मैला ओढून गेली. तळाला घट्ट थर राहिला. गाडीवाल्याला म्हटलं, माणूस उतरव. तो कानाला हात लावून म्हणाला, आत माणूस उतरवायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी उतरवला नसता. पाइपातला बोळा बघून म्हणाला, हा कोणी मारला? मी म्हटलं, होता आधीपासून.

असं का म्हणालो कोण जाणे.

शेठना सांगितलं तर म्हणाले, “तुमचा भाऊ आहे ना? नाहीतर मी दोघांच्या जागी दुसरे बघतो.”

६ जून

उद्या दीपक उतरणार. आज झाकण काढून ठेवलंय, हवा लागेल. झाकण निघालं तसा लोटू नाकाला गमछा बांधून पळाला. मी गुडघ्यावर बसलो, टाकीत डोकं घालून छातीभर श्वास घेतला, मिलमध्ये घ्यायचो तसा. अगदी साफ. ॲसिडने काम केलं. उठताना अंधारी आली, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

लोटू लांबून ओरडत होता, “मास्तर, वास येस, भलता वास येस.” दीपक माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, काही नाही, ये निर्धास्त. दीपक लोटूला म्हणाला, “दादानं नाक शे ते.” त्या दिवशीच्या प्रकारानंतर पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला. बरं वाटलं.

१२ जून

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सात तारखेला सकाळी आम्ही तिघे होतो. दीपकने नवा शर्ट काढून घडी घालून पायरीवर ठेवला, बनियनवर राहिला. झाकणापाशी बसून पाय आत सोडले. थांबला. मला विचारलं, “वास नही ना?” मी पुन्हा वाकून हुंगलं. नाही म्हटलं.

“तू म्हनस ना? मंग उतरस.”

उतरला. फावड्याचा एक आवाज आला. दुसरा आला नाही. हाक मारली. टॉर्च मारला तर तो बसला होता, भिंतीला टेकून, दमल्यासारखा. मी आत उडी मारणार होतो. लोटूने मागून माझा पट्टा धरला, मला पाडलं आणि छातीवर बसला. मी त्याला चावलो. त्याच्या हाताला अजून पट्टी आहे. अग्निशामकवाले तोंडाला नळी लावून उतरले आणि दीपकला दोरीने वर घेतलं. त्याचं कडं तव्यासारखं काळं झालं होतं.

त्याच दिवशी पोलीस जमादाराने विचारलं, प्यायला होता का? शेठ बाजूला उभे होते. मी म्हटलं, प्यायचा. पुन्हा विचारलं, त्या दिवशी? मी म्हटलं, असेल. त्याने तसं लिहून घेतलं आणि मी सही केली. नशेत तोल जाऊन पडला.

पूजाने हे ऐकलं तेव्हा तिचं रडणं थांबलं. त्यानंतर ती माझ्यासमोर रडली नाही.

१९ जून

तेरावं झालं. अमळनेरहून भाऊबंद आले होते. वडीलधारे उखाबाबा कोणाला तरी सांगत होते, “रोटनी आण मोडी, मंग माय सोडस का?” आण मोडली म्हणून कानबाईने नेला. पूजा भांडी घासत होती, तिला ऐकू गेलं. मलाही. मी पत्रावळी उचलत राहिलो.

शेठने निरोप पाठवलाय की दारू पिऊन मेलेल्याची जबाबदारी बोटीवर येत नाही, पण तुमची नोकरी आहे, निवांत या.

३० जून

पाऊस थांबत नाही. तापी फुगली आहे.

दुपारी रुक्मिणी माझ्यासमोर येऊन बसली. “डोळे मिटा,” म्हणाली. आवाज असा होता की मिटले. नाकाखाली काहीतरी धरलं. “हे काय?” सांगता येईना. दुसरं धरलं. “हे?” मी म्हटलं, पाणी. मी डोळे उघडले. तिच्या एका हातात ठेचलेला लसूण, दुसऱ्यात स्टोनच्या डिंकाची उघडी बाटली.

“कोरोनापासून,” ती म्हणाली. “मला वाटायचं तुम्हाला कळत असेल, सांगत नसाल. मिल गेली, त्यात हे कसं बोलू? मी बोलले असते तर...” मी तिला म्हटलं, तुझा काय दोष. पण मला तिचा राग आला होता आणि अजून आहे. तो राग खोटा आहे हेही कळतंय.

चहातलं आलं. ते मी जिभेने ओळखलं होतं. एवढंसं ते, पण मला नाक हवं होतं म्हणून मी ते नाकाच्या नावावर लिहिलं.

दीपकने सगळ्यांसमोर तोंड उघडलं होतं. मी हुंगलं ते कशाने?

१ जुलै

लोटूकडे गेलो. त्याला विचारलं, त्या दिवशी मी गळपट्टी धरली तेव्हा तू काठावर होतास, नंतर दीपकजवळ आला होतास ना? दारूचा वास होता? लोटू म्हणाला, “मास्तर, त्यानं गुडघं मीच धुयं. दारूना वास नही, काही नही. नुसता टाकीना वास.” मग म्हणाला, “तुम्हले खरंच येत नव्हता?”

मी हो म्हटलं. मी मुद्दाम करतोय असं त्याला इतके दिवस वाटत होतं. पोटासाठी भावाला खड्ड्यात घालणारा माणूस वाटत होतो मी त्याला. मला वाटतं, ते तरी सोपं होतं.

२ ऑगस्ट

उद्या कानबाई. यंदा आमच्या घरी बसवायची नाही, उधन्याला चुलतभावाकडे बसणार. पण रोटाचे गहू प्रत्येक घरातून जावे लागतात, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. मी माझी सव्वा मूठ मोजली. पूर्वी दीपकची मीच मोजायचो, त्याचा हात मोठा म्हणून तो चिडवायचा की तुझ्या मुठीने मन्हा वाटा लहान होतो.

पूजा आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत येऊन बसली. ओच्यातून वाटी काढली, गहू होते. रुक्मिणीने विचारलं, हे कोणाचे? “त्यांचे,” ती म्हणाली. “आण मोडली नाही त्यांनी. वाटा जायलाच हवा.” रुक्मिणी म्हणाली, गेलेल्या माणसाचा वाटा घालत नाहीत. पूजा माझ्याकडे वळली.

“दादा, तुम्ही त्यांचं तोंड हुंगलं होतं ना? काय वास आला होता?”

मी म्हटलं, उद्या सांगतो. सगळ्यांसमोर.

३ ऑगस्ट

उधन्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीसेक माणसं. कानबाई सजलेली, समया, बायका गाणी म्हणत होत्या. गहू दळायला देताना उखाबाबांनी पूजाची वाटी बाजूला सारली होती. ती वाटी घेऊन दाराशी उभी होती, सकाळपासून.

रोट झाल्यावर मी पुढे झालो आणि एक मागून घेतला. गेल्या वर्षी दीपक उभा होता तसाच कानबाईसमोर उभा राहिलो. रोट दोन्ही हातांत धरला. म्हटलं, मला कोरोनापासून वास येत नाही. कशाचाच नाही. दीपक प्यायला नव्हता, मी त्याचं तोंड हुंगलं ते मेल्या नाकाने. टाकीचा पाइप मी बोळा मारून बंद केला, ॲसिड मी ओतलं, वास नाही असं मी सांगितलं, आणि तो माझ्या शब्दावर उतरला. पोलिसांपुढे मी खोटं बोललो. उद्या जाऊन खरं सांगणार आहे. रोटाची आण.

गाणी थांबली होती. रुक्मिणीने डोळ्याला पदर लावला. कोणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण कोणी हललं नाही. चुलतभाऊ हळूच म्हणाला, “तुले आत टाकतीन, श्रीरंग.” मी म्हटलं, टाकू दे.

उखाबाबा उठले. पूजाच्या हातातली वाटी घेतली आणि चुलतभावाच्या बायकोला म्हणाले, “दळी ले. आजून एक रोट कर.” तेव्हा पूजा रडली. मोठ्याने, भिंतीला धरून, जशी जूनमध्ये रडायला हवी होती तशी. मी तिच्याजवळ गेलो नाही. मला तो हक्क राहिलेला नाही.

दीपकचा रोट तुपात भाजला गेला तेव्हा बायका म्हणाल्या, काय घमघमाट सुटलाय. तो पूजाने आणून माझ्या हातात ठेवला. एक शब्द बोलली नाही. रोट गरम होता, बोटं भाजत होती. वास आला नाही.